आजोबांच्या छंदांचं कपाट: वर्षभरात आठवणी नीट लावायच्या कशा

तेराव्याची पंगत उठते, पाहुणे परतीच्या गाड्या पकडतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता सगळे आहोतच, तर हाताबरोबर त्यांचं कपाटही आवरून टाकू." हे 'हाताबरोबर' फार महागात पडतं. आमच्याकडे त्या एका दुपारात रद्दीवाल्याकडे काय काय गेलं, ते आम्हाला पुढे वर्षभर एकेक करून आठवत राहिलं.

माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मिरजेला रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्क होते. मिरज जंक्शनात तेव्हा ब्रॉड गेज, मीटर गेज आणि कुर्डुवाडीकडे जाणारी नॅरो गेज, असे तिन्ही रुंदीचे रूळ होते. अशा गावात उभा जन्म काढून एकाच रुळावरून चालणं अण्णांना जमलं नसावं. पोस्टाची तिकिटं, नाणी, पेटी, कॅसेटवर गाणं उतरवून घेणं, फोटो, गुलाब, बंद पडलेली घड्याळं आणि पावसाचं मोजमाप, असे त्यांचे आठ छंद. आजी म्हणायची, "नववा छंद म्हणजे या आठांसाठी जागा शोधणं."

त्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धापर्यंत मी आणि माझ्या आतेभावाने मिळून हे सगळं मार्गी लावलं. त्यात जे चुकलं आणि जे साधलं, ते कामाच्या क्रमाने लिहिते आहे. तुमच्या आजोबांचे छंद वेगळे असतील, क्रम बहुतेक हाच राहील.

पहिला पंधरवडा: काही हलवू नका

कपाट उघडा, पण आवरू नका. आधी फोटो काढा. पूर्ण कपाटाचा एक, प्रत्येक खणाचा एक, प्रत्येक डब्याचा झाकण उघडून एक. टेबलावर जे जसं पडलं असेल ते तसंच टिपा. कोणती वस्तू कशाशेजारी होती, यालाही अर्थ असतो. अण्णांच्या टेबलावर घड्याळाच्या सुट्या काट्यांची डबी आणि गुलाबाचं कलम करायचा चाकू शेजारीशेजारी होते. दोन्हींना एकच भिंग लागायचं, हे आम्हाला त्या फोटोवरून नंतर कळलं. तोवर भिंग तिसऱ्याच डब्यात जाऊन पडलं होतं.

याच दिवसांत तीन कामं मात्र थांबत नाहीत.

एक, मोबाइल. रिचार्ज चालू ठेवा आणि सिम अधूनमधून वापरात राहू द्या. नव्वद दिवस वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो आणि त्या नंबरवर ओटीपी येणारी सगळी खाती अडकतात. व्हॉट्सॲपचं खातं एकशेवीस दिवस निष्क्रिय राहिलं तर पुसलं जातं. आजोबांनी फॉरवर्ड केलेले सुप्रभात गेले तर जाऊ देत, पण मित्रांना पाठवलेले आवाजातले निरोप त्याच फोनमध्ये असतात. ते आधी काढून घ्या.

दोन, पुस्तकं. रद्दीला काहीही देण्याआधी प्रत्येक पुस्तक पाठीला धरून उलटं झटका. आमच्याकडे त्यातून वाळलेली पानं, बसची तिकिटं, एक प्रेमपत्र (आजीचंच, सुदैवाने) आणि मुदत उलटून गेलेली ठेवीची पावती पडली. बँकेत दहा वर्षं दावा न केलेल्या ठेवींचा शोध घ्यायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' हे पोर्टल २०२३ पासून आहे. पावती सापडली की तिथे नाव घालून बघा.

तीन, झाडं. माणूस गेल्यावर पहिलं पाणी त्यांचं तुटतं. कोणी एकाने कुंड्या अंगावर घ्याव्यात, बाकीचं पुढे येईलच.

मग नोंदवही

दोनशे पानी वही आणि पेन्सिल पुरे. आमच्या आतेभावाने आधी संगणकावर सुंदर तक्ता केला, पण आजी, काका, आत्या यांच्यापैकी कुणीच त्यात काही भरलं नाही. वही दिवाणखान्यात ठेवली तेव्हा येताजाता लोक लिहू लागले. तक्ता नंतर वहीवरून करता येतो.

प्रत्येक डब्याला क्रमांक द्या. वस्तूवर नको, डब्याला किंवा पाकिटाला. वहीत त्या क्रमांकापुढे चार गोष्टी लिहा: काय आहे, कुठून आलं, कोणाला ठाऊक आहे, पुढे काय करायचं. यातला तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. 'डबा १४, चाव्या, कशाच्या ते माहीत नाही, मालधक्क्यावरच्या हमालकाकांना विचारणे' अशी नोंद असली की काम पुढे सरकतं. चौथ्या रकान्यात घाईने काही भरू नका. आमच्याकडे पहिले सहा महिने तिथे प्रश्नचिन्हंच होती.

सेलोटेप, रबरबँड, स्टेपलर आणि टाचण्या या कामातून हद्दपार करा. टेप कागदावर पिवळे डाग पाडतो, रबर वितळून चिकटतं, टाचणी गंजते. कागद सुती धाग्याने बांधा किंवा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. जुन्या घरांत पोथ्या बासनात बांधून ठेवत, त्या उगीच टिकल्या नाहीत.

माणसं आधी, वस्तू मागाहून

ही पायरी लोक शेवटी ठेवतात आणि तिथेच फसतात. तिकिटांचा अल्बम आणखी पाच वर्षं थांबेल. अण्णांबरोबर मालधक्क्यावर काम केलेले गृहस्थ नव्वदीला आले होते, त्यांना थांबायला सांगता येत नव्हतं.

आवाज टिपायला फोनमधला रेकॉर्डर चालतो. पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका आणि बोलणाऱ्याच्या जवळ चार घड्या केलेल्या नॅपकिनवर ठेवा. टेबलावर नुसता ठेवलात तर कपबशीचा प्रत्येक आवाज आधी ऐकू येतो. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय हे स्वतःच्या तोंडाने सांगा. तासाभरापेक्षा जास्त बसू नका, ऐंशीच्या पुढची माणसं दमतात आणि सांगत नाहीत.

"अण्णा कसे होते?" असं विचारलंत तर एकच उत्तर येईल: "देवमाणूस हो." त्यातून काही हाती लागत नाही. वस्तू हातात द्या आणि वस्तूबद्दल विचारा. मी त्या गृहस्थांच्या हातात अण्णांची पितळी शिट्टी ठेवली. त्यांनी ती उलटसुलट केली, अंगठ्याने कडेवरचा पोचा चाचपला आणि म्हणाले, "हा पोचा माझ्यामुळं. पैजेवर वाघिणीवरनं फेकली होती मी." पुढचा पाऊण तास मला काही विचारावंच लागलं नाही. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे मला ठाऊक होतं. पैजेतला चहा अण्णांनी अखेरपर्यंत पाजला नव्हता, हे नव्हतं.

उपयोगी पडलेले आणखी काही प्रश्न असे: ते तुमच्यावर शेवटचे कधी चिडले? त्यांनी तुमच्याकडून उसनं घेतलेलं काय परत केलं नाही? हा छंद त्यांना कोणी लावला? कोणता छंद त्यांनी मध्येच सोडला, आणि का?

आजीशी मात्र बसून मुलाखत घेऊ नका. ती गवार मोडत असताना शेजारी बसा आणि आपणही मोडा. रेकॉर्डर चालू आहे हे आधी सांगा. आजीला फसवून टिपलेलं पुढे कुणाला ऐकवताही येत नाही.

कॅसेट: इथे मी हात पोळून घेतला

मिरजेला ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. खाँसाहेब मिरजेचेच झाले होते, १९३७ साली गेले. त्या आवारात रात्रभर बसून अण्णांनी आपल्या टेपरेकॉर्डरवर बरंच काही उतरवून घेतलं होतं. शिवाय घरच्या बैठका, काकाचं पाठांतर, आत्याच्या लग्नातल्या मंगलाष्टका. एकूण एकाहत्तर कॅसेट.

मी त्या उचलून एका दुकानात दिल्या. पंधरा दिवसांनी पेनड्राइव्ह आला. आवाज स्वच्छ, फायली नीट कापलेल्या. घरी आजीने पहिली फाइल ऐकली आणि म्हणाली, "यांचं 'हं' कुठाय?" अण्णा प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला बटण दाबून खाकरायचे, मग "हं... चालू झालं का? झालं." म्हणायचे आणि तारीख, जागा, गाणाऱ्याचं नाव सांगायचे. दुकानातल्या मुलाने तो सगळा 'नॉइज' समजून काढून टाकला होता. कॅसेटमधली आम्हाला हवी असलेली एकमेव गोष्ट तीच होती. नशीब, मूळ कॅसेट परत आल्या होत्या. सगळं पुन्हा केलं, या वेळी घरी.

घरी करायचं तर असं करा.

आधी प्रत्येक कॅसेटच्या पाठच्या कडेवरच्या दोन इवल्या पट्ट्या मोडा. त्या शाबूत असतील तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं की वर नवीन काहीतरी चढतं. फिती खिडकीतून नीट बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चांगल्या कॅसेटबरोबर ठेवू नका आणि ती वाजवलीच तर टेपरेकॉर्डर आतून पुसल्याशिवाय दुसरी कॅसेट त्यात घालू नका. फीत चांगली असून कवच फुटलं असेल, तर पाच स्क्रूंची रिकामी कॅसेट घेऊन चाकं फितीसकट त्यात बसवता येतात. काम नाजूक आहे, पण घड्याळं उघडणाऱ्या माणसाच्या नातवाला जमलं.

वाजवण्याआधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर सुटतात. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे फितीवरून आवाज वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा. दर दोन-तीन कॅसेटनंतर पुन्हा. आवाज बोदा येत असेल, गोधडीखालून आल्यासारखा, तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून बघा. एका जागी आवाज एकदम उघडतो. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं असू शकतं, कारण प्रत्येक मशिनाचं हेड थोडं तिरकं असतंच.

टेपरेकॉर्डरच्या लाइन आउटमधून वायर संगणकाला जोडा. ऑडॅसिटी हा फुकट प्रोग्रॅम पुरतो. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका तासाला साधारण एक जीबी जागा जाते. त्याहून हलक्या फायली नंतर करता येतात. कापाकापी, साफसफाई काहीही करण्याआधी पूर्ण फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा, खोकल्यासकट. आणि साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठ मिनिटंच लागतात. एकाहत्तर कॅसेटना आम्हाला चार महिने लागले, रोज संध्याकाळी एक, तीही सुट्या वगळून. घाईने दुप्पट वेगात करण्याची सोय देणाऱ्यांकडे जाऊ नका.

पेटी

पेटीला नुसतं झाकून ठेवलं की ती मरते. आठवड्यातून एकदा भाता उघडून पाच मिनिटं वाजवा, वाजवता येत नसली तरी. भात्याच्या घड्यांत कसर लागते आणि उंदरांना तो कागद फार आवडतो. सुरांच्या पट्ट्यांना तेल कधीही घालू नका. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ साली सैल झाली. त्याच वर्षी अण्णांनी पेटी घेतली, असं ते सांगत. यावर पुढे वाद झाला, तो शेवटी येईल.

तिकिटं आणि नाणी

तिकिटं बोटांनी उचलू नका, सपाट टोकाचा चिमटा घ्या. पाकिटावरचं तिकीट दिसलं की पाण्यात भिजवून सोडवायचा मोह होतो, तो आवरा. पाकिटावर शिक्का असेल तर पाकीट अख्खं ठेवा. अण्णा रेल्वेतले, त्यामुळे त्यांच्याकडे आरएमएसचे, म्हणजे धावत्या गाडीतल्या टपालाचे शिक्के असलेली पाकिटं होती. त्यातली सहा माझ्या एका चुलतभावाने लहानपणी तिकिटासाठी कापली होती. अण्णा त्याला काही बोलले नाहीत म्हणे, फक्त कापलेले तुकडे वेगळ्या पाकिटात घालून वर लिहिलं: 'अपघात'. ते पाकीटही आम्ही तसंच ठेवलं आहे.

किमतीच्या फुग्यावर विश्वास ठेवू नका. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं, तिरंग्याचं, साडेतीन आण्यांचं. १६ एप्रिल १९५३ चं रेल्वे शताब्दीचं तिकीट दोन आण्यांचं. ही घरात असली तर आनंद आहे, पण अशा तिकिटांनी कुणाचं घर चालत नाही. १५ ऑगस्ट १९४८ च्या गांधीजींच्या चार तिकिटांपैकी दहा रुपयांचं निघालं तर मात्र जाणकाराला दाखवा. त्या किमतीच्या नकलाही पुष्कळ फिरतात.

नाण्यांचा नियम एकच: घासू नका. चिंच नको, लिंबू नको, भांड्यांची पावडर तर नकोच. काळपट थर गेला की नाण्याची किंमतही जाते आणि रूपही. सालाखालचं चिन्ह भिंगातून बघा: चौकट म्हणजे मुंबईची टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. नातवंडांना या खेळात पूर्ण रविवार जातो. १९५७ ते १९६४ च्या नाण्यांवर 'नये पैसे' असतं, त्यानंतर पैसे जुने झाले.

परदेशातल्या नातवाला एखादं जुनं नाणं आठवण म्हणून द्यायचं असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेल्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे.

फोटो

अण्णांकडे ॲग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बाराच फोटो, म्हणून प्रत्येक फोटोआधी सगळ्यांना भरपूर रागावून घेतलेलं आहे. चेहऱ्यांवर ते दिसतं. हे रोल मोठे, निगेटिव्ह सहा सेंटिमीटर चौरस. म्हणून छापील फोटोपेक्षा निगेटिव्ह जपा. त्यांत छापलेल्याहून कितीतरी जास्त तपशील असतो. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे. तो डबा वेगळा काढा आणि स्कॅनिंगमध्ये पहिला नंबर त्याचा लावा. डांबरगोळ्या फोटोंत आणि फिल्ममध्ये टाकू नका.

छापील फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात इतके ठिपके) स्कॅन करा, निगेटिव्ह २४०० किंवा त्यावर. पाठीवर मजकूर असेल तर पाठही स्कॅन करा. नवीन काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा.

फाइलच्या नावात साल आधी: १९७४-०५, मिरज, आत्याची मुंज नसून वाढदिवस, असं काहीही, पण साल आधी. मग सगळं आपोआप क्रमाने लागतं. प्रती तीन करा: एक संगणकात, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. कृष्णाकाठच्या माणसाला 'दुसऱ्या गावी' का, हे समजवावं लागत नाही. २००५ आणि २०१९ च्या पुरांत सांगलीकडे किती घरांचे अल्बम गेले, ते आम्ही पाहिलं आहे.

गुलाब: हे काम तारखेवर चालतं

घर विकणार असाल किंवा आजी मुलाकडे राहायला जाणार असेल, तर बाग सोबत नेता येते. मात्र ऋतू पाळावा लागतो. गुलाबाचा डोळा, म्हणजे काडीवरची कोंब फुटायची जागा, थंडीत भरतात. पेन्सिलीएवढ्या जाड खुंटावर, म्हणजे मूळ धरलेल्या दुसऱ्या गुलाबाच्या काडीवर, 'टी' आकाराची चीर द्यायची, आजोबांच्या झाडावरचा जोमदार डोळा सालीसकट काढून तिच्यात बसवायचा, डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. तीन-चार आठवड्यांत हिरवा राहिला तर धरला. जास्वंद, लिंबू, डाळिंब यांची गुटी पावसाळ्यात बांधा: फांदीची बोटभर रुंदीची साल गोल काढा, ओलं शेवाळ लपेटा, प्लॅस्टिकने बांधा. दीड-दोन महिन्यांत मुळ्या दिसतात.

एक फसगत सांगते. दुर्लक्षित गुलाबाला खालून तरारून फुटवे येतात आणि आपल्याला वाटतं झाड जगलं. ते बहुतेकदा खुंटाचे फुटवे असतात. ते वाढले की वरचं कलम उपाशी मरतं. आमचा ग्लॅडिएटर जातीचा गुलाब असाच गेला. जोडाच्या खाली फुटलेलं सगळं तत्काळ काढा.

अण्णांच्या सहा झाडांचे डोळे आम्ही अकरा घरी भरले. चार धरले. एक ठाण्याला सातव्या मजल्यावर आहे, फुलं जरा लहान येतात.

घड्याळांबद्दल थोडंच

चालणारं एक ठेवा आणि रोज ठरल्या वेळी चावी द्या. सुटे भाग जाणत्या कारागिराला देऊन टाका, त्याला ते मिळत नाहीत. आम्ही तेच केलं आणि बदल्यात त्याने आजीचं घड्याळ फुकट चालू करून दिलं.

पावसाची वही

छंद कितीही किरकोळ वाटला तरी त्याची वही असेल तर ती सगळ्यात वर ठेवा. अण्णांनी गच्चीवर सरळ कडांचा डबा ठेवला होता. अशा डब्यात जितके मिलिमीटर पाणी साठतं, तितका पाऊस. त्याला गणित लागत नाही. हवामान खात्याप्रमाणे तेही सकाळी साडेआठलाच मोजायचे. जून ते ऑक्टोबर, चौतीस वर्षं.

आकडे आम्ही तक्त्यात भरले, ते दोन दिवसांचं काम. पण वहीची पानंही एकेक करून स्कॅन केली, कारण खरी गंमत समासात आहे. 'आर्द्रा. वाहन म्हैस. १४ मिमी. पेटीचा काळी चार अडकतो.' 'पुष्य. ० मिमी. ही माहेरी.' 'हस्त. ४१ मिमी. मालधक्क्यावर साखरेची पोती भिजली, साहेब माझ्यावर.' तारखेऐवजी नक्षत्र लिहायची सवय त्यांच्या शेतकरी वडलांची. तक्ता करताना आम्ही दोन्ही रकाने ठेवले.

अशा नोंदी, मोडीतले कागद, जुने दिवाळी अंक घराबाहेरही उपयोगी पडतात. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुने कागद सांभाळत आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून पुस्तकं. देण्याआधी यादी पाठवून विचारा. पोतं घेऊन दारात उभे राहू नका, संस्थांकडेही कपाटं मोजकीच असतात. मूळ द्यायचं नसेल तर स्कॅन द्या.

वाटणी

सगळं एका घरात ठेवायचा अट्टहास सोडा. कुणा एकाच्या माळ्यावर आठ छंदांचं ओझं आलं की पाच वर्षांनी त्याची बायको रद्दीवाल्याला हाक मारते, आणि ती चूक नसते. एका छंदाला एक माणूस नेमा, आणि त्याला त्या छंदातलं काहीतरी मनापासून हवं असलं पाहिजे. तिकिटं आमच्यातल्या सर्वांत धाकट्या मुलीला गेली. तिला तिकिटांचं काही नव्हतं, पण 'अपघात' पाकीट तिला हवंच होतं. कोणीच न घेतलेला डबा निघाला तर तो विकणं, वाटणं, फेकणं यांतलं काहीही करा. आमच्याकडे आगपेटीची लेबलं निघाली, ती कुणालाच नको होती. फोटो काढला, वहीत नोंद केली, आणि शाळेतल्या एका पोराला देऊन टाकली.

पुस्तिका

वर्षश्राद्धाला घरच्यांच्या हातात काहीतरी असावं म्हणून आम्ही बत्तीस पानांची पुस्तिका केली. मधोमध पिन मारायची असेल तर पानसंख्या चारच्या पटीत लागते. ए-फाइव्ह आकार पुरतो. चरित्र लिहायला बसू नका, 'त्यांचा जन्म एका सामान्य कुटुंबात' या वाक्याशी पोचेपर्यंत लिहिणाऱ्यालाही झोप येते. एका छंदाला चार पानं: एक वस्तूचा मोठा फोटो, एक वहीतलं पान, दोन पानं लोकांनी सांगितलेलं त्यांच्याच बोलीत. ज्याने सांगितलं त्याला छापण्याआधी वाचून दाखवा. अण्णांचा राग, त्यांची उधारी, आजीशी धरलेला तीन महिन्यांचा अबोला, यांतलं काय छापायचं ते आजीने ठरवलं. अबोला तिने ठेवायला लावला, त्याचं कारण मात्र काढायला लावलं.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि प्रेसला विचारा की ते तोच फॉन्ट वापरणार की आपल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलणार. बदलताना जोडाक्षरं मोडतात. आमच्या पहिल्या प्रुफात 'तंबोऱ्या'चा 'तंबोर्या' झाला होता, तेही तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेत. शेवटचं प्रूफ कागदावरच तपासा आणि घरातल्या सगळ्यात खडूस माणसाकडून.

आम्ही पन्नास प्रती काढल्या. आठवड्याभरात आत्याची प्रत टपालाने परत आली. पान अकरावर, 'पेटी १९७१ साली अण्णांनी पगारातून घेतली' या ओळीशेजारी लाल बॉलपेनने लिहिलं होतं: 'चूक. १९६८. मी तेव्हा चौथीत. पैसे आईच्या भिशीचे. बांगड्यांसाठी होते.' जागा संपली म्हणून पुढचं तिने पानाच्या खालून वळवून मागच्या पानावर नेलं होतं, फोटोवरून. मग काकांची प्रत आली, मग त्या हमालकाकांच्या मुलाची. आजीला विचारलं तर ती गवार मोडत म्हणाली, "दोघंही चूक."

म्हणून समास रुंद ठेवा. दुसऱ्या खेपेला आम्ही तो पाऊण इंच केला आणि मागे चार पानं कोरी सोडली.